कुलूप फाइलला नसतं

एकाच हार्ड डिस्कवर दोन फायली शेजारीशेजारी आहेत. एक तुमची, दुसरी तुमच्या बहिणीची. डिस्कच्या लेखी दोन्हींत काडीचाही फरक नाही. दोन्ही म्हणजे चुंबकीय खुणांच्या रांगा, आणि वाचणारं टोक एकीवरून सरकतं तसंच दुसरीवरूनही. तरी तुमच्या खात्यातून बहिणीची फाइल उघडायला गेलात तर पडद्यावर रोखठोक नकार उमटतो. तिनं तिच्या खात्यातून उघडली की तीच फाइल मुकाट उघडते. आतलं एक अक्षरही बदललेलं नाही, डिस्क तीच, कॉम्प्युटर तोच. मग कुलूप नेमकं आहे कुठे?

फाइलवर तर नाही. हे पहिल्यांदा नीट कळतं तेव्हा माणूस थोडा चक्रावतो. 'परवानगी नाही' असं ज्या फाइलबद्दल सांगितलं जातं, ती बहुतेक वेळा सताड उघडी पडलेली असते. तिच्यातला मजकूर साध्या, वाचता येईल अशाच रूपात असतो. अडवलं जातं ते मागणाऱ्याला.

अडवतो तो ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. या क्षेत्रातले लोक त्याला कर्नल म्हणतात. वर्ड असो, फोटो दाखवणारं सॉफ्टवेअर असो की एखादा गेम, यांतल्या कोणालाही डिस्कला थेट हात लावता येत नाही. फाइल हवी असेल तर कर्नलकडे मागणी नोंदवावी लागते: अमुक खात्याच्या वतीनं मी चालतो आहे, तमुक फाइल वाचायची आहे. कर्नल त्या फाइलची नोंद काढतो, मागणाऱ्याचा क्रमांक तिच्याशी ताडून पाहतो आणि हो किंवा नाही म्हणतो. सकाळी कॉम्प्युटर सुरू करून तुम्ही चहाचा पहिला घोट घेईपर्यंत हे हजारो वेळा घडून गेलेलं असतं.

आणि प्रोग्रॅमनं परवानगी न मागताच डिस्क वाचायची ठरवली तर? इथे खरी गंमत आहे. हा बंदोबस्त कर्नलच्याही खाली, प्रोसेसरच्या चिपमध्ये केलेला आहे. प्रोसेसरच्या निदान दोन अवस्था असतात. एकीत त्याला कुठलीही आज्ञा चालते. दुसरीत डिस्कशी, इतरांच्या मेमरीशी संबंधित आज्ञा वर्ज्य. कर्नल पहिल्या अवस्थेत चालतो, तुमचे-आमचे प्रोग्रॅम दुसरीत. दुसऱ्या अवस्थेतल्या प्रोग्रॅमनं वर्ज्य आज्ञा दिली की चिप ती पाळतच नाही. जागच्या जागी थांबते आणि सूत्रं कर्नलच्या हाती देते. सिलिकॉनमधला हा एक भेद काढून टाकला तर फायलींच्या परवानग्यांचा सगळा डोलारा केवळ सभ्यपणाची विनंती होऊन बसेल.

हे नुसतं कल्पनेत नाही, घडलेलं आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये इंटेलची ८०८८ ही चिप होती आणि तिच्यात असा भेदच नव्हता. त्यामुळे तिच्यावर चालणाऱ्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टीमनं मनावर घेतलं असतं तरी एकाची फाइल दुसऱ्यापासून राखणं त्याला जमलं नसतं. पुढे चिप सुधारली, पण विंडोज ९५ आणि ९८ ज्या फॅट पद्धतीनं फायली ठेवत तिच्यात फाइल कोणाची हे लिहायला जागाच नव्हती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ज्यांच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला त्यांना आठवत असेल: सुरुवातीला नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट यायची, एस्केपची कळ दाबली की ती निमूट बाजूला व्हायची आणि कॉम्प्युटर तसाच सुरू व्हायचा. ती चौकट राखणीसाठी नव्हतीच. नेटवर्कवर जायचं असेल तर नाव हवं आणि ज्यानं त्यानं आपापला वॉलपेपर लावावा, एवढाच तिचा हेतू.

ही अडवणूक मुळात सुरू का झाली, हे पाहायला साठ वर्षं मागे जावं लागतं. एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटानं नोव्हेंबर १९६१ मध्ये एक यंत्रणा चालवून दाखवली. एकच अवाढव्य आयबीएम कॉम्प्युटर अनेक जण एकाच वेळी, आपापल्या टाइपरायटरसारख्या टर्मिनलवरून वापरतात, आणि प्रत्येकाला वाटतं की यंत्र आपल्यासाठीच मोकळं आहे. नाव सीटीएसएस. त्याआधी छिद्रं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि निकालासाठी तासन् तास थांबायचं, अशी रीत होती. आता सगळ्यांच्या फायली एकाच डिस्कवर आल्या, आणि 'माझी' व 'तुझी' हा प्रश्न कॉम्प्युटरच्या इतिहासात बहुधा पहिल्यांदाच इतक्या ठळकपणे उभा राहिला. उपाय म्हणून आला पासवर्ड.

त्याला चकवायला फार वेळ लागला नाही. ॲलन शेर हा पीएचडीचा विद्यार्थी. त्याला आठवड्याला चार तास यंत्र मिळे आणि त्याच्या प्रयोगाला ते मुळीच पुरत नसत. सीटीएसएसमध्ये फाइल छापून घ्यायची आणखी एक वाट होती: एका कार्डावर खातं आणि फाइलचं नाव लिहून मागणी ठेवायची, छापील कागद नंतर उचलायचे. १९६२ मध्ये शेरनं त्या वाटेनं सगळ्यांच्या पासवर्डांचीच फाइल मागितली. मिळाली! टर्मिनलवर बसलेल्याला जे दाखवलं नसतं ते कार्डावर मागणाऱ्याला छापून दिलं गेलं, कारण त्या वाटेवर 'मागणारा कोण' हा प्रश्न कोणी विचारतच नव्हतं. ही गोष्ट त्यानं पंचवीसेक वर्षांनी उघड केली.

चार वर्षांनंतरचा किस्सा याहून विलक्षण आहे, कारण त्यात चोर कोणीच नाही. सीटीएसएसवर मजकूर दुरुस्त करणारा प्रोग्रॅम आपलं तात्पुरतं काम एका ठरावीक नावाच्या फाइलमध्ये करायचा. एक खातं म्हणजे एक माणूस, मग नावांची टक्कर होणार कशी? पण व्यवस्थापकांच्या खात्यात काम करणारे एकाहून अधिक होते. १९६६ मध्ये एके दिवशी त्यांतला एक जण पासवर्डांची फाइल दुरुस्त करत होता आणि त्याच वेळी दुसरा सगळ्यांना लॉगिन करताना दिसणारी सूचना. दोघांच्या तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली. त्यानंतर जो कोणी लॉगिन करेल त्याच्या टर्मिनलवर सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड ओळीनं टाइप होऊ लागले. परवानग्यांची तपासणी तसूभरही चुकली नव्हती. सूचनेची फाइल सगळ्यांना दाखवायची असा नियम होता, तो यंत्रणेनं इमानेइतबारे पाळला. त्या नावाखाली आता काय आहे हे पाहणं तिचं काम नव्हतं.

सीटीएसएसनंतरचा भव्य प्रकल्प म्हणजे मल्टिक्स. एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून हाती घेतलेला. फोल्डरच्या पोटात फोल्डर ही रचना आणि प्रत्येक फाइलसोबत 'कोणाला काय करता येईल' याची यादी, या दोन्ही कल्पना १९६५ च्या मल्टिक्सच्या निबंधांत सविस्तर मांडलेल्या सापडतात. आज विंडोजमध्ये फाइलवर उजवी क्लिक करून जी सिक्युरिटीची खिडकी उघडते, तिचा पणजोबा तो. बेल लॅब्ज १९६९ मध्ये त्यातून बाहेर पडली आणि तिथल्या केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी एका लहानशा, जुन्या पीडीपी-७ यंत्रावर युनिक्सची सुरुवात केली. मल्टिक्समधलं बरंच काही त्यांनी मुद्दाम टाकून दिलं. परवानग्यांची लांबलचक यादी त्यांतलीच एक.

तिच्या जागी काय ठेवलं, तर मोजके बिट, म्हणजे हो किंवा नाही एवढंच सांगणाऱ्या खुणा. १९७१ च्या पहिल्या पुस्तिकेत फक्त दोन वर्ग दिसतात, मालक आणि बाकीचे. काही वर्षांतच मध्ये 'गट' आला आणि आज लिनक्स, मॅक, सर्व्हर सगळीकडे दिसणारं रूप तयार झालं: मालक, गट, इतर, प्रत्येकाला वाचण्याचा, लिहिण्याचा, चालवण्याचा हक्क आहे की नाही. तीन गुणिले तीन, नऊ बिट. वाचण्याला ४, लिहिण्याला २, चालवण्याला १ असे गुण धरून बेरीज केली की ७५५, ६४४, ६०० असे तीन-तीन आकड्यांचे संकेत तयार होतात, आणि सर्व्हर सांभाळणारी माणसं ते पाढ्यांसारखे घडाघडा म्हणतात. ६०० म्हणजे मालकानं वाचावं-लिहावं, बाकी कोणाला काही नाही. नऊ बिट म्हणजे एका मराठी अक्षराला कॉम्प्युटरमध्ये लागते त्याहून कमी जागा. जगातल्या बहुसंख्य सर्व्हरांवरच्या अगणित फायलींचं माझं-तुझं तेवढ्यात मावतं. मला ही रचना आजही अतिशय सुंदर वाटते, आणि तिच्या विक्षिप्तपणासकट वाटते.

विक्षिप्तपणा तर भरपूर आहे. समजा एखाद्या फाइलवर ०४४ असा संकेत आहे. म्हणजे मालकाला काही नाही, गटाला आणि इतरांना वाचायची मुभा. आता मालकानं ती उघडायला घेतली तर? मालक म्हणजे सर्वांहून वरचा, त्याला निदान इतरांइतकं तरी मिळेल, असं आपल्याला वाटतं. मिळत नाही. युनिक्स आधी पाहतो तू मालक आहेस का, आहेस, मग मालकाचेच तीन बिट लागू, पुढचं पाहायचं नाही. सगळ्या गावाला वाचता येणारी फाइल एकट्या मालकाला वाचता येत नाही! (तो परवानगी बदलून घेऊ शकतो, तो हक्क मालकाचा. पण बदलेपर्यंत नाही म्हणजे नाही.)

फोल्डरच्या बाबतीत या तीन बिटांचे अर्थ बदलतात. वाचणं म्हणजे आतल्या नावांची यादी पाहणं. लिहिणं म्हणजे त्या यादीत नाव घालणं किंवा खोडणं. आणि 'चालवणं' म्हणजे त्या फोल्डरमधून पुढे जाण्याचा हक्क. वाचण्याचा हक्क नाही पण जाण्याचा आहे, असं फोल्डर जुन्या वाड्यातल्या अंधाऱ्या बोळासारखं असतं: कुठे किती खोल्या आहेत ते दिसत नाही, पण डावीकडचं तिसरं दार कोणतं हे आधीच ठाऊक असेल तर थेट जाऊन ते उघडता येतं. फाइलचं नाव माहीत असणाऱ्यालाच ती सापडावी, अशी व्यवस्था अनेक जण असं फोल्डर वापरून करतात.

याच रचनेतून एक परिणाम निघतो आणि तो ऐकून नवशिके हटकून वाद घालतात. जी फाइल तुम्हाला वाचता येत नाही, जिच्यात एक अक्षर लिहिता येत नाही, ती तुम्हाला खुशाल पुसून टाकता येऊ शकते. कारण युनिक्समध्ये फाइलचं नाव फाइलमध्ये नसतंच, ते फोल्डरच्या यादीत असतं. पुसणं म्हणजे त्या यादीतली एक ओळ खोडणं. तेव्हा प्रश्न फाइलला नाही, फोल्डरला विचारला जातो. सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये यामुळे हाहाकार माजला असता, म्हणून तिथे एक जादा बिट लावतात: इथे ज्याचं त्यानंच पुसावं.

आणखी एक. तपासणी होते ती फाइल उघडताना. एकदा उघडून हाती आली की पुढचं प्रत्येक पान वाचताना कर्नल पुन्हा परवानगी पाहत बसत नाही. तुम्ही घाईघाईनं फाइलवरचे सगळे हक्क काढून घेतलेत, तरी ज्याच्या प्रोग्रॅमनं ती आधीच उघडून ठेवली आहे तो ती बंद करेपर्यंत वाचू शकतो. एमआयटीचे जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये संरक्षणाची जी आठ तत्त्वं मांडली त्यांत 'प्रत्येक वेळी तपासा' हे एक आहे. वेग हवा असेल तर तत्त्वाला थोडी मुरड घालावी लागते, ती अशी. त्यांचंच दुसरं तत्त्व सांगतं की काही ठरवलं नसेल तर उत्तर 'नाही' असावं. तेही सोपं नाही: उबुंटू या लोकप्रिय लिनक्समध्ये नव्या माणसाचं घरचं फोल्डर त्याच कॉम्प्युटरवरच्या इतरांना आपोआप पाहता येत असे. ते बंद झालं २०२१ मध्ये.

आता एक कोडं. प्रत्येकाला आपला पासवर्ड बदलता आला पाहिजे. पासवर्डांची फाइल एकच, आणि तिच्यात लिहिण्याचा हक्क फक्त सर्वाधिकारी खात्याला, ज्याचं नाव रूट आणि क्रमांक शून्य. मग सामान्य माणूस पासवर्ड बदलणार कसा? त्याला हक्क दिला तर तो सगळ्यांचेच बदलेल. नाही दिला तर स्वतःचाही नाही. रिची यांनी यावर एका बिटाचा तोडगा काढला. ज्या प्रोग्रॅमवर तो बिट लावलेला असेल तो, चालवणाऱ्याच्या नव्हे, आपल्या मालकाच्या अधिकारानं चालतो. पासवर्ड बदलणारा प्रोग्रॅम रूटच्या मालकीचा. कोणीही तो चालवला तरी तेवढ्यापुरता त्याच्याकडे रूटचा अधिकार येतो, पण करता येतं ते त्या प्रोग्रॅमनं जेवढं करू द्यायचं ठरवलंय तेवढंच. अधिकार माणसाला न देता कामाला द्यायचा! या कल्पनेचं पेटंट रिची यांच्या नावे १९७९ मध्ये मंजूर झालं.

पण अधिकार असलेल्या कामाला भुलवताही येतं. नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये सांगितलेली गोष्ट टाइमशेअर या अमेरिकन कंपनीतली. तिथल्या कंपायलरला, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रॅमला, वापराची आकडेवारी आपल्या फोल्डरमध्ये लिहायची असे, म्हणून त्याला त्या फोल्डरमध्ये लिहिण्याचा हक्क दिला होता. त्याच फोल्डरमध्ये ग्राहकांच्या बिलांची फाइलही होती. कंपायलर वापरणाऱ्याला, तपासणीचा मजकूर कुठल्या फाइलमध्ये लिहू, असं विचारलं जाई. एकानं बिलांच्या फाइलचं नाव दिलं. त्याला स्वतःला तिथे लिहिता आलं नसतं. कंपायलरला येत होतं. बिलं गेली. हार्डी यांनी अशा प्रोग्रॅमला 'गोंधळलेला मुखत्यार' म्हटलं आणि सुरक्षेच्या अभ्यासात ते नाव कायमचं रुजलं. कोणाचा अधिकार आपण वापरतो आहोत, विचारणाऱ्याचा की आपला, हे त्या बिचाऱ्याला कळायला मार्गच नव्हता. वेबसाइटांवरचे आजचे कितीतरी हल्ले याच जातीचे आहेत.

पासवर्डांची ती फाइल आणखी एका कारणानं प्रसिद्ध आहे. सुरुवातीच्या युनिक्समध्ये ती सगळ्यांना वाचता येई. तशी गरजच होती, कारण फाइलच्या नोंदीत मालकाचं नाव नसतं, क्रमांक असतो, आणि कोणता क्रमांक कोणाचा हे त्याच फाइलमध्ये लिहिलेलं. पासवर्ड तिच्यात उलगडता न येणाऱ्या सांकेतिक रूपात ठेवत, म्हणून उघडी राहिली तरी चालेल असं मानलं गेलं. तशीच एक जुनी फाइल पुढे सगळ्यांच्या हाती आली आणि तिच्यातल्या बहुतेकांचे पासवर्ड फुटले. केन थॉम्प्सन यांचा मात्र फुटेना. ऑक्टोबर २०१९ मध्ये एका आधुनिक ग्राफिक्स कार्डाला चार दिवसांहून जास्त जुंपल्यावर तो सापडला. निघाली बुद्धिबळातली चाल: वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे, शेवटी उद्गारचिन्ह.

नाव नाही, क्रमांक. हे सूत्र विंडोजमध्ये आणखी गमतीशीर होतं. १९९३ च्या विंडोज एनटीपासून तिथे फायली ठेवायची एनटीएफएस ही पद्धत आणि मल्टिक्सच्या वळणाची सविस्तर यादी आहे. यादीतल्या प्रत्येक ओळीत 'या खात्याला हे करू द्या' किंवा 'करू देऊ नका' असं लिहिलेलं असतं, आणि खातं म्हणजे एस-१-५-२१ असं सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक. आपण पडद्यावर पाहतो ते नाव फक्त दाखवण्यापुरतं. खात्याचं नाव बदला, काहीही बिघडत नाही. पण खातं पुसून त्याच नावाचं, त्याच पासवर्डचं नवं खातं काढा, आणि स्वतःच्याच फायलींसमोर तुम्ही परके ठरता; कारण क्रमांक नवा मिळाला. जुन्या परवानग्यांच्या यादीत नावाऐवजी तो आकड्यांचा शेपटा तेवढा उरतो. युनिक्समध्ये नेमका उलटा धोका. तिथे क्रमांक छोटा असतो आणि पुन्हा वापरला जाऊ शकतो, त्यामुळे नोकरी सोडून गेलेल्याचा क्रमांक नव्या माणसाला मिळाला तर जाणाऱ्याच्या मागे राहिलेल्या फायलीही त्याच्याच होतात.

विंडोजबद्दल ऑफिसांत एक समज पक्का असतो: 'नाही' नेहमी 'हो'वर मात करतं. तसं नाही. यादी ठरावीक क्रमानं वाचली जाते आणि त्या फाइलवर स्वतंत्रपणे लिहिलेल्या ओळी, वरच्या फोल्डरकडून वारशानं आलेल्या ओळींच्या आधी येतात. म्हणजे वरच्या फोल्डरनं नकार दिला असला तरी फाइलवर थेट दिलेला होकार चालतो. शिवाय फाइल कॉपी केली तर ती नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते, आणि त्याच ड्राइव्हवर नुसती हलवली तर सहसा जुन्याच घेऊन जाते. गोपनीय फाइल सगळ्यांच्या फोल्डरमध्ये हलवली तरी ती बाकीच्यांना उघडत नाही, आणि तिचीच कॉपी सगळ्या ऑफिसला वाचता येते, या कोड्याचं उत्तर इथे आहे.

हे सगळं इतकं गुंतत जात असेल तर शेवटी एकच प्रश्न विचारावासा वाटतो: बाकी राहू द्या, अमक्या माणसाला या फाइलचा हक्क पुढे कधीतरी, कुठल्याही मार्गानं मिळू शकेल का, एवढं सांगा. मायकेल हॅरिसन, वॉल्टर रुझो आणि जेफ्री उलमन यांनी १९७६ मध्ये सिद्ध केलं की हक्क देण्या-घेण्याचे नियम कसेही असू शकतील तर या प्रश्नाचं हमखास उत्तर देणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. अजून सापडलेली नाही असं नव्हे, अशक्य आहे. ठरावीक, साध्या नियमांच्या यंत्रणेत उत्तर काढता येतं. त्यामुळे नऊ बिटांचा दरिद्री वाटणारा साधेपणा एकदम शहाणपणाचा वाटू लागतो.

काही माणसं परवानग्यांच्या भानगडीत न पडता फोल्डर 'हिडन' करून ठेवतात. त्याला राखण म्हणता येणार नाही. एक टिचकी मारली की सगळं दिसतं. युनिक्समध्ये तर टिंबानं सुरू होणारं नाव यादीत दिसत नाही हा प्रकारच चुकून जन्मला. यादीत दोन तांत्रिक नोंदी दिसू नयेत एवढंच हवं होतं. लिहिणाऱ्यानं पूर्ण नाव तपासण्याऐवजी फक्त पहिलं अक्षर टिंब आहे का ते तपासलं, असं बेल लॅब्जमधले रॉब पाइक यांनी नंतर सांगितलं.

कुलूप फाइलला नसतं याचा सर्वांत कठोर अर्थ मात्र कॉम्प्युटर उघडल्यावर कळतो. अडवणारा कर्नल. तो चालू असेल तोवरच अडवणार. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली, किंवा पेनड्राइव्हवरून दुसरीच ऑपरेटिंग सिस्टीम सुरू केली, की आता चालतो तो दुसराच कर्नल आणि सर्वाधिकार डिस्क आणणाऱ्याकडे. ते नऊ बिट, ती लांबलचक यादी डिस्कवर जशीच्या तशी असते. पाळणारा कोणी नसतो. कुलूप खरोखर वस्तूलाच घालायचं तर मजकूर सांकेतिक करावा लागतो. विंडोज २००० मध्ये एकेका फाइलसाठी ही सोय आली, पुढे विंडोज व्हिस्टाबरोबर अख्ख्या डिस्कसाठी बिटलॉकर, मॅकवर फाइलव्हॉल्ट. पण इथेही एक मेख आहे. अख्खी डिस्क सांकेतिक असली तरी कॉम्प्युटर सुरू होऊन ती एकदा उलगडली की त्याच कॉम्प्युटरवरच्या इतर खात्यांपासून राखण पुन्हा परवानग्यांचीच. बिटलॉकर चोरापासून वाचवतो, घरातल्या भावापासून नाही.

आणि सामायिक कॉम्प्युटर माझ्याकडे नाहीच, असं वाटत असेल तर खिशातला अँड्रॉइड फोन बाहेर काढा. त्याच्या तळाशी लिनक्स आहे, सत्तरच्या दशकातले तेच क्रमांक आणि तेच बिट. तुम्ही एकटेच तो वापरता, तेव्हा माणसांना वेगळे क्रमांक देण्याची गरज उरली नाही. गुगलच्या अभियंत्यांनी ते क्रमांक ॲपना दिले. व्हॉट्सॲप एक 'माणूस', तुमच्या बँकेचं ॲप दुसरा, टॉर्चचं फुकट ॲप तिसरा. १०००० पासून पुढचे क्रमांक त्यांच्यासाठी राखून ठेवलेले. टॉर्चवाल्यानं बँकेच्या ॲपची खासगी फाइल मागितली तर कर्नल तेच करतो, जे जुन्या युनिक्सवर एका माणसाला दुसऱ्याची फाइल नाकारताना करत होता. एमआयटीत एका यंत्रावर अनेक माणसं होती. आता एका माणसाच्या खिशात अनेक परके आहेत. यंत्रणा तीच पुरली.

उलट झेरॉक्सच्या दुकानातला किंवा सेवा केंद्रातला कॉम्प्युटर पाहा. दिवसभरात कित्येक जणांची आधार कार्डं, सातबारे, मार्कलिस्टा तिथे उतरवल्या जातात आणि सगळं बहुधा एकाच खात्यात, डेस्कटॉपवर. कर्नलच्या लेखी तिथे एकच माणूस आहे, कारण क्रमांक एकच. तो कोणाला अडवणार? छापून झालं की आपली फाइल आपल्यासमोर पुसायला सांगा, रिसायकल बिनमधूनही. तिथे मेल उघडला असेल तर लॉग आउट करूनच उठा.

घरच्या कॉम्प्युटरवर प्रत्येकाचं वेगळं खातं काढा, मुलांचंसुद्धा, आणि रोजच्या कामासाठी स्वतःलाही ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार देऊ नका. तो अधिकार तुमच्या हातात असतो तेव्हा तुम्ही उघडलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला तो मिळवायची वाट जवळ पडते. लॅपटॉप घराबाहेर जात असेल तर डिस्क सांकेतिक करून घ्या. आणि तेव्हा बिटलॉकर जी ४८ आकडी रिकव्हरी की देतो ती कागदावर उतरवून लॅपटॉपच्या बॅगेत नव्हे, कपाटात ठेवा. ती कुठेच जपलेली नसेल आणि कॉम्प्युटरनं एखाद्या दिवशी मागितली, तर ती डिस्क मायक्रोसॉफ्टलाही उघडून देता येत नाही.